अनामत

कर्जाच्या फायली तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. राष्ट्रीयीकृत बँक, पुण्यातल्या शाखा, गृहकर्जाचं टेबल. सातबारा, फेरफार, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या. एखादी बहीण नाशिकला दिलेली आहे आणि तिची सही राहिली आहे, एवढ्यावरून मी फाईल परत पाठवत असे. गिऱ्हाईक हात जोडायचं, मॅनेजर चिडायचे, मी ढिम्म. निरोपसमारंभात कुणीसं म्हणालं की यांच्या टेबलावरून माशीसुद्धा कागदपत्रांशिवाय पुढे गेली नाही. ते कौतुक आहे असं समजून मी नारळासोबत घरी घेऊन आलो.

शिवाय कोथरूडला दुसरा फ्लॅट भाड्याने दिलेला, म्हणजे घरमालकीचाही अनुभव गाठीशी. करार अकरा महिन्यांचाच का, तर १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो म्हणून. मग महाराष्ट्रात अकरा महिन्यांचाही का नोंदवायचा? कारण १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि त्याने नोंदवला नाही तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं. हे सगळं मी सोसायटीच्या जिन्यात उभ्याउभ्या लोकांना फुकट समजावून सांगत असे. कुणी विचारलं नसलं तरी.

ह्याच माणसाने २०१९ साली पणजीला, करंजाळ्याच्या किनाऱ्याजवळ, पावसाळ्याचे चार महिने राहायला एक फ्लॅट घेतला. दोन पानांच्या कागदावर, एका सहीवर, सगळं भाडं आगाऊ मोजून.

निमित्त वडिलांच्या वह्यांचं होतं. वडील राजापूर तालुक्यात पोस्टमास्तर होते. रोज रात्री जेवणं झाली की कंदिलाशी बसून वहीत चार ओळी लिहायचे: पाऊस किती, टपाल किती उशिरा, गावात कोण गेलं, कुणाची म्हैस व्यायली. शाईचा टाक, बारीक अक्षर. त्या वह्यांची एक ट्रंक माझ्याकडे होती आणि निवृत्तीनंतर त्या टाइप करून भावंडांना द्यायच्या असं मी वर्षानुवर्षं जाहीर करत आलो होतो. पुण्यात हे काम होत नव्हतं याचं खरं कारण आळस. पण आळशी माणसाला आपण आळशी आहोत असं कधी वाटत नाही, आपली जागा चुकली आहे असं वाटतं. समुद्र हवा, पाऊस हवा, शांतता हवी. हिने एकदाच विचारलं, "अहो, वह्या वाचायला समुद्र कशाला?" मी उत्तर दिलं नाही, कारण नव्हतं.

पावसाळ्यात गोव्यात भाडी उतरतात. डिसेंबरात पाहुणे आठवड्याला जे मोजतात ते तुम्ही महिन्याला द्या, असं मालक फोनवर म्हणाला. महिना अठ्ठावीस हजार. चार महिन्यांचे एकदम दिले तर एक लाखावर तोडू, अधिक तीस हजार अनामत. बारा हजार वाचले म्हणून मी इतका खूश झालो की पुढचे प्रश्न विचारायचे राहूनच गेले.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जागा बघायला गेलो. संध्याकाळची वेळ. मालकाने दार उघडलं आणि हॉलच्या पलीकडे बाल्कनीभर समुद्र होता. उजवीकडे मिरामारची बाजू, समोर मांडवीच्या मुखाशी एक बार्ज हळूहळू चाललेली, आणि ऊन पाण्यावर आडवं पडलेलं. त्यानंतर मी त्या घरात काही पाहिलंच नाही. हिने मात्र रीतसर पाहणी केली. सिंकखाली वाकून बघितलं, नळ सोडून धार बघितली, बेडरूममधलं कपाट उघडून नाक आत घातलं आणि म्हणाली, "ह्याला वास येतोय."

"बंद होतं ना, मॅडम," मालक म्हणाला.

"बंद होतं," मी म्हणालो. वकीलपत्र घेतल्यासारखा.

बाल्कनीत उभं राहिल्यावर एक गोष्ट माझ्या नजरेला पडली होती, हे कबूल केलं पाहिजे. इमारतीच्या त्या अंगाला आमच्याखेरीज एकही बाल्कनी उघडी नव्हती. कुणी काचांच्या सरकत्या खिडक्या लावून बंद केलेली, कुणी वर पत्र्याची लांबलचक झडप काढलेली, आणि शेजारच्या फ्लॅटला तर त्याच वेळी दोन माणसं निळी ताडपत्री सुतळीने आवळत होती. मला ते दृश्य केविलवाणं वाटलं. "लोकांना समुद्राची किंमत नाही," मी मालकाला म्हणालो. "तुम्ही बरं केलंत, उघडी ठेवलीत." तो अदबीने हसला. आता वाटतं, त्या हसण्यात थोडी भीतीही असावी. हा माणूस खरंच इतका भोळा आहे की चौकशी करतोय, अशी.

यात भर अशी की मी कोकणातला. मे संपता संपता वडील पश्चिमेच्या पडवीला झापं बांधून घ्यायचे. झावळ्या विणायला दोन गडी यायचे, मी त्यांना सुंभ आणून द्यायचो. अरबी समुद्रावरून येणारा पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो, हे मला मुळाक्षरांच्या आधी ठाऊक होतं. गोव्यातली जुनी घरंही हे जाणून बांधलेली, उतरत्या कौलांची, भिंतीच्या बऱ्याच पुढे आलेल्या वळचणीची. त्यात इकडचं बांधकाम जांभ्या चिऱ्याचं, आणि चिरा पाणी पितो. सगळं माहीत होतं. पण ते ज्ञान मुलाचं होतं, आणि फ्लॅट घ्यायला आलेला माणूस पुण्याचा निवृत्त अधिकारी होता.

खरी चूक मात्र पुढच्या पाच मिनिटांत झाली, आणि ती पावसाशी संबंधित नाही.

सवयीने मी विजेचं बिल मागितलं. मालकाने मोबाईलवर दाखवलं. नाव वेगळं होतं. "पप्पांचं नाव आहे, सर. ते वारले. बदलायचं राहून गेलंय."

हे वाक्य मी नोकरीत किती लोकांच्या तोंडून ऐकलं असेल याला गणती नाही. त्या वाक्यापाशी मी पेन खाली ठेवत असे. वडील वारले, नाव बदललेलं नाही, म्हणजे वारस किती, कुठे आहेत, वाटप झालंय का, यांच्या आईची सही कुठे आहे? गोव्यात तर हे प्रश्न आणखी टोकदार. तिथे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता चालत आली, तिच्यानुसार लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामायिक, आणि आईबापांमागे मुलगे-मुली सारखेच वारस. शेकडो घरं आणि फ्लॅट पाच-सहा भावंडांच्या नावे अडकलेले, त्यातली निम्मी परदेशी. यावर आमच्या बँकेच्या ट्रेनिंगमध्ये एक अख्खं सत्र झालं होतं, आणि मी त्यात पहिल्या रांगेत बसून प्रश्नही विचारला होता.

त्या संध्याकाळी मी मोबाईल मालकाला परत दिला आणि म्हणालो, "असू दे, असू दे. नावाला काय." आणि बाहेर बघितलं. बार्ज बरीच पुढे गेली होती.

पोलिसांकडे द्यायचा भाडेकरू पडताळणीचा फॉर्म मालक भरणार होता. "मी बघतो, सर." माझ्या कोथरूडच्या भाडेकरूंना हाच फॉर्म भरायला मी चौकीत स्वतः बरोबर घेऊन जायचो.

जूनच्या सुरुवातीला सामान गाडीत घालून आलो. पहिला धक्का माशांचा. मासे खायला गोव्यात येणाऱ्या माणसाने पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते हे कॅलेंडरात बघून घ्यावं, ही काही फार मोठी अपेक्षा नाही. बाजारात तिसऱ्या, खुबे, नदीतलं थोडंफार, आणि बर्फातून आलेलं महागडं काहीतरी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकींकडे सुके बांगडे, सोलं, कोकम, मिरच्या, वाल असं सगळं मेमध्येच भरून ठेवलेलं होतं, हवाबंद डब्यांतून. त्यांनी हिला स्वयंपाकघर दाखवलं. वर येऊन ही म्हणाली, "त्यांच्याकडे पावसाळा येणार आहे. आपल्याकडे फक्त आपण आलोय."

मोसमी पाऊस त्या वर्षी उशिरा आला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वायू चक्रीवादळ किनाऱ्यापासून लांबून उत्तरेकडे गेलं, तेव्हा एका रात्रीत बाल्कनीतल्या वेताच्या खुर्च्या हॉलमध्ये आल्या, पाण्यासकट. ती चुणूक होती. वीस तारखेच्या पुढे खरा पाऊस लागला आणि मग जुलै संपेपर्यंत त्या बाल्कनीत चहा पिता आला अशी वेळ मला आठवत नाही. समुद्र होता, पण दिसत नव्हता. समोर एक पांढुरका पडदा, आणि त्यातून येणारा आवाज.

बेडरूमच्या भिंतीला आधी खिडकीखाली एक पिवळसर नकाशा उमटला. मग रंगाला फुगे आले, फुग्यांचे पोपडे झाले, पोपड्यांखाली लोणा. स्विचबोर्डातून एका रात्री चर्र असा आवाज आला म्हणून मेन बंद करून मेणबत्तीवर बसलो. एसी चालू केला की बाहेरचं युनिट खोकायचं. खाऱ्या हवेने त्याची जाळी खाऊन टाकली होती. पट्टे, चपला, चष्म्याचं घर, हिची पर्स, सगळ्यावर राखाडी-हिरवी बुरशी. काकी म्हणाल्या, कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवा, दिवसरात्र. तो लावला. कपड्यांना वाळलेल्या बुरशीचा वास येऊ लागला. काकींनीच मग जरा चाचरत सांगितलं, "ह्या फ्लॅटांत पावसांत कोणूच रावना." हे मला मेमध्ये कळलं असतं. पण मेमध्ये मी काकींच्या दारावरून गेलो होतो ते समुद्र बघून तरंगत.

हिला जुना दमा. जुलैच्या मध्यापासून रात्रीचा खोकला सुरू झाला. डॉक्टरांनी घरात ओल आहे का विचारलं. मी म्हणालो, थोडी. हिने माझ्याकडे बघितलं.

मालकाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, खिडक्या उघड्या राहत असतील."

हे वाक्य माझं होतं. दोन वर्षांपूर्वी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एक आयटीतला मुलगा राहत होता. सोलापूरकडचा, सालस, भाडं एक तारखेला. मागच्या खोलीत ओल येते असं त्याने चारदा तरी सांगितलं. फोटो पाठवले. मी त्याला म्हणालो होतो, खिडक्या उघड्या राहत असतील. तो सोडून गेला तेव्हा करारातल्या कलमावर बोट ठेवून मी त्याच्या अनामतीतून रंगकामाचे अठरा हजार कापले. पुढे सहा महिन्यांनी नवीन रंगाला पुन्हा फुगे आले तेव्हा प्लंबर बोलावला. वरच्या मजल्याच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप गळत होता. मी वरच्यांकडून दुरुस्तीचा खर्च वसूल केला. मुलाला कळवायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, कळवलं नाही.

मालकाचं ते वाक्य ऐकून मला त्या मुलाची आठवण झाली असं लिहायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. मला फक्त राग आला. काय नालायक माणूस आहे, असं मी हिला म्हणालो.

वह्यांची ट्रंक मी पलंगाखाली ठेवली होती, पश्चिमेच्या भिंतीला सरकवून. काम अजून सुरू झालं नव्हतं. पाऊस कमी झाला की करू असं चाललं होतं. जुलैअखेरीला बाहेर ओढली तर तळाचा पत्रा गंजून ओलसर झालेला. खालच्या वह्या एकमेकींना चिकटल्या होत्या. एक उचलली तर तिचा पुठ्ठा हातात आला आणि पानं खालीच राहिली. शाई पसरून ओळींच्या जागी निळे ढग झाले होते. कुठे 'रजिस्टर' वाचता येत होतं, कुठे 'वारला', कोण ते नाही. पंख्याखाली पानं पसरत बसलो. वरच्या वह्या वाचल्या. त्यातल्या एकीत मेच्या शेवटच्या आठवड्याची नोंद स्वच्छ होती: पडवीस झापें बांधली, गडी दोन, मजुरी दिली. मी ती हिला वाचून दाखवली. ती हसली नाही, आणि काही बोललीही नाही. भावंडांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, मी टाइप करतोय.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, रात्री नऊच्या सुमाराला, लॅचमध्ये बाहेरून किल्ली फिरली.

दारात एक चाळिशीची बाई, तिचा नवरा, दोन मुलं आणि विमानतळाच्या पट्ट्या अडकवलेल्या चार बॅगा. सगळे निथळत होते. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बनियनकडे पाहिलं, आणि इंग्रजीत विचारलं की मी कोण आहे. मी तेच तिला विचारलं.

ती मालकाची बहीण. इंग्लंडात स्विंडनला राहणारी. त्या गावात गोंयकारांची मोठी वस्ती आहे. तिकडच्या शाळांना ऑगस्टभर सुट्टी, म्हणून दर दोन वर्षांनी याच महिन्यात येणारी. पप्पांचा फ्लॅट, किल्ली तिच्याकडे कायमची. भावाला कळवलं होतं. भावाने 'ये' म्हटलं होतं. आपण फ्लॅट भाड्याने दिलाय, हे सांगायचं तेवढं राहिलं होतं.

मी आत जाऊन करार आणला. कागद पुढे करताना माझा हात अगदी सरावाचा होता. तिने ओल्या हाताने तो धरला, दोन्ही पानं शांतपणे वाचली, आणि म्हणाली, "अंकल, ही तर फक्त माझ्या भावाची सही. आम्ही तिघं आहोत, आणि मम्मी आहे."

कोर्टात काय झालं असतं ते सोडा. त्या दारात माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं. नाशिकची बहीण आली होती.

तिचा नवरा पोलिसांना बोलवू या म्हणाला, आणि मला एकदम तो न भरलेला फॉर्म आठवला. घाम फुटला. तेवढ्यात हिने मागून येऊन मुलांना टॉवेल दिले, आणि खिचडी टाकते म्हणाली. त्या घरातला तेवढा एकच निर्णय बरोबर झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघून जायला हवं होतं. पण जायचं कुठून? त्याच दिवसांत कोल्हापूरला महापूर आला होता. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन जवळपास आठवडाभर बंद राहिला. घाटांत दरडी पडत होत्या. कोल्हापूरकडून येणारं दूध थांबल्यामुळे पणजीत सकाळी पिशवीसाठी रांगा. तेव्हा आम्ही दोघं ओल्या बेडरूममध्ये, ते चौघं उरलेल्या घरात, असा संसार सुरू झाला. बाई भल्या होत्या. ओली खोली तुम्ही कशी सोसता म्हणून हॉल देऊ करत होत्या. भावाचा फोन लागत नव्हता. मग लागला, मग कट झाला, मग 'मडगावला आहे', मग बंद.

महामार्ग खुला झाला तरी मी हललो नाही. ह्याचं समर्थन मला आजही नीट करता येत नाही. पैसे मिळेपर्यंत ताबा सोडायचा नाही, असा माझा बँकेतला दंडक. ताबा सोडला की दावा लंगडा होतो. तो ताबा म्हणजे दहा बाय बाराची एक बुरसटलेली खोली होती, दावा ज्याच्यावर तो माणूस तिथे नव्हता, आणि त्रास ज्यांना होत होता त्यांनी माझं काही घेतलं नव्हतं. मुलं दबक्या आवाजात खेळत, कारण आतल्या अंकलना आवाज चालत नाही. ही रात्रभर खोकत होती. मी दाराला आतून कडी लावून बसलो होतो आणि हिशेब मांडत होतो: एक लाखातले निम्मे, अधिक अनामत, एकूण ऐंशी हजार.

१५ ऑगस्टला फोंड्याजवळ खांडेपारला रस्त्याच्या कामालगतची माती खचली आणि ओपाहून पणजीकडे येणारी मोठी जलवाहिनी फुटली. तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांचे नळ कोरडे पडले. बाहेर मुसळधार, घरात थेंब नाही. आधी वाटलं संध्याकाळपर्यंत येईल. मग टँकर आले, टँकरपाशी भांडणं आली. लिफ्ट त्यात बंद. बाईंचा नवरा आणि मी बादल्या घेऊन तीन मजले चढ-उतार करू लागलो. तो माझी बादली काढून घ्यायचा, मी देत नव्हतो. वर सहा माणसं आणि एक संडास.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझा गुडघा जिन्यातच धरला. काकींच्या दारापुढच्या पायरीवर बादली मांडीवर घेऊन बसलो होतो. ही खाली आली. तिच्या हातात आमची बॅग होती. "तुमचा ताबा तुम्ही ठेवा," ती म्हणाली. "मी निघाले."

सामान भरायला तासही लागला नाही. निघताना बाईंनी मला बाजूला बोलावून एक पाकीट दिलं. आत तीस हजार होते. "अनामत तरी परत मिळायला हवी ना, अंकल. भावाचं मी बघते." ते पैसे तिचे होते, सुट्टीला आणलेले. भाऊ तिला ते कधी देणार नाही हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी 'अहो, नको, नको' असं दोनदा म्हणालो आणि पाकीट खिशात घातलं. हे हिने गाडीतून पाहिलं. बेळगाव येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. पुढे, धाब्यावर चहा घेताना, एवढंच म्हणाली, "मुलांसाठी तरी काही ठेवून यायचं होतं."

भावाकडून नंतर काही आलं नाही. मी नोटीस पाठवली. माझ्याच नावाने, वकिलाचे पैसे वाचवून. ती 'पत्त्यावर राहत नाही' अशा शेऱ्यानिशी परत आली. पोस्टमास्तरच्या मुलाला तो शेरा हाताळायची सवय आहे.

त्या मुलाला, सोलापूरकडच्या, मी दिवाळीनंतर फोन केला. एकदम नाही, आठवडाभर नंबर काढून ठेवला होता. तो आता हिंजवडीत स्वतःच्या घरात राहतो. नहाणी ट्रॅपचं सांगितलं, अठरा हजार परत करायचे आहेत म्हणालो. तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "राहू द्या हो काका. झालं ते." मी आग्रह केला. म्हणजे एकदा केला. तो पुन्हा नको म्हणाला, आणि मी त्याला खातेनंबर विचारायच्या आत विषय बदलून घराचा हप्ता किती बसतो ते विचारलं. व्याजदर त्याने चांगला मिळवलाय.

कोथरूडच्या करारातलं रंगकामाचं कलम मी पुढच्या खेपेला काढून टाकलं. अनामत तेवढी वाढवली.